तळाशी काय होतं?

ॲक्सोलॉटल हा प्राणी आम्ही प्रथम पाहिला तो कथेत. खुलिओ कोर्तासार यांची त्याच नावाची कथा १९५६ सालच्या त्यांच्या संग्रहात आहे. तिचे इंग्रजी भाषांतर आम्ही दोघांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विद्यापीठांत वाचले; आणि पुढे यवतमाळला एकाच महाविद्यालयात नोकरीला लागल्यावर एकाने इंग्रजीच्या आणि दुसरीने मराठीच्या वर्गात ती कितीदा तरी शिकवली. पॅरिसच्या झार्दँ दे प्लान्त या उद्यानातील मत्स्यालयात एक माणूस रोज जातो, काचेपलीकडच्या या प्राण्यांकडे तासन्‌तास पाहत राहतो, आणि कथा संपते तेव्हा तो काचेच्या आतल्या बाजूला असतो. पाहणे, परकेपण, स्व आणि पर अशा विषयांवर बोलायला ही कथा शिक्षकाला फार सोयीची आहे. आम्हांला ती नेहमीच सोयीची वाटली.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका तासाला झरी-जामणी तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले होते, "सर, त्या टाकीत खाली काय होतं?" तास संपत आला होता. "ते एवढं महत्त्वाचं नाही, तुम्ही त्या प्राण्याच्या डोळ्यांकडे लक्ष द्या," असे उत्तर तिला मिळाले. ती खाली बसली. वर्गात हशा वगैरे काही झाला नाही, म्हणून तो प्रसंग विसरायलाही सोपा होता. त्याची आठवण झाली ती मागच्या हिवाळ्यात, आमच्याच बैठकीच्या खोलीत.

पुण्यात संशोधन करणाऱ्या आमच्या मुलीकडे एक ॲक्सोलॉटल आहे. परदेशी गेलेल्या मैत्रिणीकडून तो तिच्याकडे आला. हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. ती तिने रीतसर केली. त्याचे नाव तिने 'बबन' ठेवले. दिवाळीनंतर चार महिने तिला कामानिमित्त बाहेरगावी राहायचे होते. "आई, थंडीपुरता सांभाळा. यवतमाळच्या हिवाळ्यात त्याला बरं वाटेल," असे म्हणून ती काचेची टाकी, थर्मोकोलच्या डब्यात ठेवलेला बबन आणि दोन पानी सूचना आमच्या स्वाधीन करून गेली. सूचनांतली तिसरी अशी होती: टाकीच्या तळाशी काहीही टाकू नका.

बबन वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला. बेडकाचे पिल्लू मोठे झाले की कल्ले गमावून पाण्याबाहेर येते. ॲक्सोलॉटल सहसा येत नाही. तो वयात येतो, त्याला पिल्ले होतात, पण राहतो मात्र आयुष्यभर पाण्याच्या तळाशी, कल्ल्यांसह. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचा तलाव आणि कालव्यांचा प्रदेश आहे. निसर्गात तो आता तेवढ्यातच उरला आहे. १९९८ मध्ये तेथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल असावेत असा अंदाज होता. २०१४ मध्ये तो आकडा ३६ वर आला. काचेच्या टाक्यांत मात्र ते जगभर आहेत. १८६४ साली मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला पोचले आणि त्यांतले सहा ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले. त्या सहांच्या संततीतूनच पुढे युरोपातील प्रयोगशाळांना ॲक्सोलॉटल मिळत गेले. द्युमेरिल काम करीत ते निसर्गविज्ञान संग्रहालय झार्दँ दे प्लान्तमध्येच आहे. म्हणजे कोर्तासार यांच्या कथेतला माणूस जिथे जाऊन उभा राहतो, तिथूनच बबनच्या पूर्वजांचा काचेमागचा संसार सुरू झाला असावा. हे कळल्यावर आम्हांला जो आनंद झाला तो निव्वळ वाङ्मयीन होता, हे आता कबूल केले पाहिजे.

पहिला आठवडा बरा गेला. मग टाकी डोळ्यांना खुपू लागली. खाली उघडी काच, त्याखाली टेबलाची सनमायका, आणि मधोमध पसरलेला तो फिकट जीव. घरी येणारे म्हणत, "हे काय, दवाखान्यासारखं!" आम्हांलाही तसेच वाटत होते. एका रविवारी आम्ही मासे विकणाऱ्या एका दुकानातून निळ्या-पांढऱ्या खड्यांची दोन किलोंची पिशवी आणली. खडे वाटाण्याएवढे, गुळगुळीत होते. दुकानदाराला आम्ही विचारले होते. तो म्हणाला, "टाका ना सर बिनधास्त. काही नाही होत. टाकी कशी झाक दिसते पाहा." मुलीची सूचना आम्ही विसरलो नव्हतो. नव्या पिढीच्या अतिदक्षतेचा तो एक नमुना आहे, असे आम्ही आपसांत ठरवून टाकले होते. टाकी खरोखरच झाक दिसू लागली. आम्ही तिचा फोटोही काढला. मुलीला मात्र पाठवला नाही. त्या न पाठवण्यातच सारे काही आले.

ॲक्सोलॉटल अन्न चावत नाही. समोर काही हलले की तो तोंड एकदम उघडतो, गळ्याचा तळ खाली ओढतो, आणि तोंडापुढचे पाणी त्यातल्या सर्व ऐवजासह आत खेचले जाते. त्याचे डोळे, ज्यांच्यावर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली, मुळात अधू असतात. तो वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर विसंबतो. गांडूळ खड्यांवर टाकले की गांडुळाबरोबर खडा आत जाणार, हे त्याच्या तोंडाची रचना पाहिली असती तर कोणाच्याही ध्यानात आले असते. आम्ही रोज तासभर त्याच्यापुढे बसत होतो, आणि त्याला खाताना पाहूनही आमच्या ध्यानात आले नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने खाणे सोडले. पोट फुगले. तळाशी राहणारा प्राणी पाण्यावर तिरका तरंगू लागला. चौथ्या दिवशी आम्ही मुलीला फोन केला. ती पहिल्यांदा एवढेच म्हणाली, "बाबा, खाली काय टाकलंय?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. प्रश्न ओळखीचा होता, पण कुठे ऐकला ते त्या क्षणी आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या बाटल्या बाजूला लावून, बबनला नागपूरला नेले. दीडशे किलोमीटरचा रस्ता. तेथील पशुवैद्यांनी एक्स-रे काढला आणि प्रकाशपेटीवर लावून दाखवला. बोटांएवढ्या नाजूक बरगड्यांच्या खाली सात पांढरे ठिपके होते. शस्त्रक्रियेत धोका मोठा, म्हणून वाट पाहायचे ठरले. त्याला थंड, स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या डब्यात ठेवायचे, रोज सगळे पाणी बदलायचे, खायला द्यायचे नाही, आणि तळाशी काय पडते ते पाहायचे. अकरा दिवसांत पाच खडे बाहेर आले. सहावा फेब्रुवारीत आला. तोवर बबन पुन्हा खाऊ लागला होता. सातवा अद्याप आम्हांला दिसलेला नाही.

मुलगी आमच्यावर रागावली नाही. ती रोज रात्री फोन करून फक्त "आज?" असे विचारी. आम्ही "दोन" किंवा "नाही" म्हणत असू. तिच्या त्या एका शब्दाने आम्हांला जेवढे ऐकवले तेवढे भांडणानेही ऐकवले नसते. आपल्याच लेकीने लिहून दिलेली ओळ आम्ही वाचली होती, समजली होती, आणि तरीही ती आपल्याला लागू नाही असे ठरवले होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या दोषाला आम्ही गुण कापतो.

बबन टाकीत परत आला तो उघड्या काचेवर. आणि आता, प्रथमच, आम्ही त्याच्या पायांकडे पाहू लागलो. पुढे चार आणि मागे पाच बोटे असलेले ते पाय गुळगुळीत काचेवर घसरत होते. चालताना तो पाऊल टेकवी, ते मागे सरके, आणि मग तो शरीर वळवून पुढे ढकलल्यासारखे करी. उघडी काच सुरक्षित होती यात शंका नाही. आजारी किंवा लहान प्राण्याला तीच योग्य. पण सुरक्षित म्हणजे सुखाची असे नव्हे. सोचिमिल्कोच्या मऊ गाळात चालण्यासाठी घडलेल्या पायांना काच ही जमीन वाटत नसणार. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण इतरांना सांगतो. पाय पाहून अंथरूण निवडण्याची वेळ आमच्यावर प्रथमच आली होती. मुलीला विचारले. ती म्हणाली, "महिनाभर थांबा. मग बारीक रेती. एक मिलिमीटरच्या आतली. नाहीतर थेट त्याच्या डोक्यापेक्षा मोठे दगड. मधलं काही नको."

मधले काही नको, हा नियम समजायला सोपा आहे. तोंडात मावेल पण आतड्यातून सरकणार नाही, असे माप धोक्याचे. बारीक कण गिळला तरी विष्ठेबरोबर निघून जातो. मोठा दगड तोंडात शिरतच नाही. पण हे माप घेऊन यवतमाळ जिल्ह्यात पाहू लागलो, तेव्हा ज्या भूमीवर आमची नोकरीची सारी वर्षे गेली ती आम्ही कधी नीट पाहिलीच नव्हती, असे ध्यानात आले.

सगळ्यांत जवळ काळी माती. कापसाची ही माती पाण्याने फुगते, विरघळते आणि पाणी दिवसेंदिवस गढूळ ठेवते. शिवाय शेतातल्या मातीत फवारणीची औषधे असतात, आणि ॲक्सोलॉटलची त्वचा पाण्यातले बरेच काही शोषून घेते. म्हणून ती बाद. गावाबाहेरच्या क्रशरवरची काळ्या दगडाची चुरी बारीक मिळते. पण यंत्राने फोडलेल्या दगडाचे कण धारदार असतात. त्यांवर पोट टेकून राहणाऱ्या प्राण्याचा विचार करताच तीही बाद झाली. वणी-राजूरकडे चुनखडीचा दगड आहे, तिथे चुन्याच्या भट्ट्या आहेत. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाण्याचा जडपणा वाढवते. ॲक्सोलॉटलला थोडे जड पाणी चालते, पण ते किती वाढेल यावर आपला ताबा राहत नाही. संगमरवरी चिपांचेही तेच. उरली रेती.

आमच्याकडे वाळू म्हणत नाहीत, रेती म्हणतात. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. जिल्ह्याच्या सीमाच नद्यांनी आखलेल्या, आणि त्या नद्यांचा तळ म्हणजे रेती. रेतीघाटांचे लिलाव, रात्री धावणारे ट्रॅक्टर, तहसीलदारांच्या धाडी, हे सारे आम्ही वर्तमानपत्रात इतके वाचले आहे की रेती म्हटले की आम्हांला बातमीच आठवते. नदीच्या दृष्टीने ती काय आहे, हे आठवत नाही. रेतीचा थर पावसाळ्याचे पाणी धरून ठेवतो आणि झऱ्यांना पुरवतो. माशांची अंडी आणि कितीतरी बारीक जीव त्यात असतात. तो उपसला की नदी दिसायला नदीच राहते, पण तिच्या तळाशी राहणाऱ्यांचे घर गेलेले असते. आम्हांला हवी होती तीन किलो. शेजारी एका घराचे बांधकाम चालू होते. मालकाची परवानगी घेऊन तिथल्या ढिगातून एक पिशवी भरली. तेथला मिस्त्री हसून म्हणाला, "मॅडम, एवढ्या रेतीत काय बांधाचं हाये?"

तीन किलो रेती तयार करायला आम्हांला चार दिवस लागले. आधी सुकवली. मग मैदा चाळायच्या चाळणीने चाळली. वर राहिलेले खडे आणि शिंपल्यांचे तुकडे परत ढिगावर गेले. खाली पडलेल्या रेतीच्या चिमटीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले, कारण चुना असेल तर बुडबुडे येतात. जवळजवळ आले नाहीत. मग धुणे. बादलीत रेती घ्यायची, पाणी सोडायचे, हाताने ढवळायचे, गढूळ पाणी ओतायचे. पहिल्या पाचसहा पाण्यांत काही फरक दिसेना. आठव्या-नवव्या पाण्याला बादलीचा तळ धूसर दिसला.

तेव्हा हात थांबले. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी पुरवणाऱ्या निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला होता. नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येई, गल्लीत टँकर आला की रात्री-बेरात्री रांग लागे, आणि आम्ही भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना घालत होतो. त्याच गावात एका परदेशी प्राण्याच्या अंथरुणासाठी आम्ही नववी बादली ओतत होतो. याला समर्थन आहे का, हे आम्ही एकमेकांना विचारले. समर्थन सापडले नाही. ती सगळी गढूळ बादल्यांची ओळ परसातल्या लिंबाला आणि कढीपत्त्याला गेली. एवढेच आम्ही करू शकलो. पण तो जीव आमच्या घरात होता, आणि त्याच्या पोटात आमच्या हौसेचा एक खडा होता. इथवर आल्यावर रेती अर्धवट धुऊन चालणार नव्हते.

पंधराव्या पाण्याला बादली निर्मळ झाली. रेती पातेल्यात वीस मिनिटे उकळली, निवू दिली आणि टाकीत पसरली. थर बोटाच्या एका पेरापेक्षा कमी. जाड थर खाली कुजतो आणि त्यात विषारी वायू धरतो, म्हणून तेवढाही थर आठवड्यातून एकदा हलकेच ढवळायचा. गांडूळ रेतीवर टाकायचे नाही. चिमट्याने तोंडासमोर धरायचे, नाहीतर बशीत ठेवायचे. घाण वरच राहते, ती नळीने लगेच ओढून घ्यायची. हे सारे नियम आता आम्हांला पाठ आहेत.

बबनला सोडले तेव्हा तो थोडा वेळ हललाच नाही. मग त्याने उजवा पुढचा पाय उचलला आणि टेकवला. पाय सरकला नाही. रेतीवर चार बोटांची बारीक खूण उमटली. तो टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, आणि आम्हांला तोवर माहीतच नव्हते की तो चालू शकतो.

त्या रात्री आम्ही कोर्तासार यांची कथा पुन्हा काढली. त्या मुलीचा प्रश्न आता आठवला होता, तिचे उभे राहणेही. उत्तर कथेत होतेच. टाकीच्या तळाशी दगड आणि शेवाळ आहे, असे निवेदक स्पष्ट सांगतो. आणि ती जागा किती अरुंद, किती दरिद्री आहे हे केवळ आपल्यालाच कळू शकते, अशा आशयाची एक पुस्ती कंसात जोडतो. कथेतली उलथापालथ प्रत्यक्ष घडायला वेळ आहे तोवरच हे येऊन जाते. बाहेरून पाहणाऱ्याला तळाची लांबी-रुंदी दिसेल. ती अरुंद 'वाटणे' आत राहणाऱ्याचेच. निवेदक काचेच्या कोणत्या बाजूने बोलतो आहे, याचा पुरावा त्या कंसात आहे. आम्ही डोळ्यांवर, काचेवर, आरशावर बोलत राहिलो आणि कथेची किल्ली तळाशी पडून राहिली. ज्या मुलीने ती पाहिली तिला आम्ही डोळ्यांकडे पाहायला सांगितले.

ती मुलगी पुढे काय झाली, आम्हांला ठाऊक नाही. तिला तो प्रश्न का पडला असावा, याचा मात्र आता थोडा अंदाज येतो. ज्या घरात जमीन म्हणजे किती एकर, हलकी की भारी, कोरडवाहू की ओलिताची हे जेवताना बोलले जाते, तिथून आलेली वाचक कथेतल्या जीवाच्या पायाखाली काय आहे हे प्रथम विचारणारच. साहित्याच्या वर्गात तिने हा प्रश्न आणला, आणि तो साहित्याचाच होता हे आम्हांला कळले नाही. वाचकाला जो तपशील वाटतो, ती कथेत राहणाऱ्याची जमीन असते. हे आम्ही कोणत्याही समीक्षाग्रंथातून शिकू शकलो असतो. शिकलो ते वाटाण्याएवढ्या सात खड्यांमुळे, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

मार्चच्या मध्यावर मुलगी आली. टाकीतले पाणी २१ अंशांवर गेले होते. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश मानवतात, आणि इथला मे महिना ४३ अंशांच्या खाली क्वचितच राहतो. टाकीवर पंखा लावून, म्हणजे आमच्या वऱ्हाडी कूलरच्याच न्यायाने, एखाद-दोन अंश उतरतात; त्यापुढे यंत्र लागते, आणि ते तिच्या पुण्याच्या खोलीवर आहे. तिने बबनला डब्यात घेतले. रेती ओलीच एका पिशवीत भरली. "ही पण नेते. चांगली धुतलीय," ती म्हणाली. एवढे एकच वाक्य. आम्हांला ते पुरले.

सहा खडे आमच्या टेबलावर एका वाटीत आहेत. जुलैत तास सुरू झाले तेव्हा कथा शिकवण्याआधी आम्ही फळ्यावर तो जुना प्रश्न लिहिला आणि तो एका विद्यार्थिनीचा आहे असे सांगितले. वर्गाने कथा वाचायला घेतली. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "मग तुम्ही तेव्हा त्यांना काय उत्तर दिलं होतं?" जे दिले होते ते आम्ही सांगितले.